तौवूनं सांगितलेला रंग

रुसियातेला पाणी वाचता येतं असं सगळं लेवुका गाव म्हणायचं, आणि त्याला वर्तमानपत्र वाचता येत नाही हेही त्याच दमात सांगायचं. दोन्ही खरं होतं. शाळेत तो चौथीपर्यंत कसाबसा टिकला. मग बापानं त्याला खोबरं वाहणाऱ्या गलबतावर चढवलं, आणि पुढची पंचेचाळीस वर्षं तो जमिनीवर फक्त जेवण्याझोपण्यापुरता आणि रविवारी चर्चपुरता उतरला. स्वतःच्या लग्नालासुद्धा तो दोन तास उशिरा पोचला, कारण वारा पडला होता. त्याच्या बायकोनं, माकेरेतानं, तो वारा अजून माफ केलेला नाही.

पाणी वाचणं म्हणजे काय, तर रंग ओळखणं. इकडच्या बेटांना प्रवाळाचं कडं असतं, कड्यात कुठेतरी एक दार असतं, आणि त्या दारातून होडी आत घ्यायची ती रंगावर. गर्द निळं म्हणजे खोल. हिरवं म्हणजे जपून. पिवळट म्हणजे वाळू. आणि समोर तपकिरी, म्हणजे पाण्याखालचा दगड, दिसलं तर देवाचं नाव घ्यायचं, कारण सुकाणू फिरवायला वेळ उरलेला नसतो. रुसियातेनं हे किमान वीस पोरांना शिकवलं होतं, आणि प्रत्येकाला एक नियम घोकायला लावला होता: सूर्य पाठीशी नसेल तर दारात पाऊल टाकायचं नाही. सूर्य समोर असला की पाणी म्हणजे नुसता चकाकता पत्रा.

त्या वर्षी मार्चमध्ये राजधानी सुवाच्या दवाखान्यात एका डॉक्टरीणबाईनं त्याच्या डोळ्यांत बराच वेळ उजेड मारला आणि खुर्ची मागे सरकवली.

"साखरेनं आतले पडदे खाल्लेत. डावा डोळा गेलाच आहे. उजवाही जाईल, कधी ते नाही सांगता येत. तुम्ही काही चालवता का?"

"गाडी नाही चालवत."

"मग?"

"होडी."

"तीसुद्धा नको."

परतीच्या बोटीवर तिनं दिलेला कागद वाऱ्यानं उडून गेला. म्हणजे रुसियातेनं स्वतःला तसं सांगितलं. खरं तर त्यानं बोटं जरा सैल सोडली होती.

उजव्या डोळ्याच्या मधोमध एक राखाडी डाग होता, आणि ज्याच्याकडे बघावं ते नेमकं त्या डागात जायचं. कडेकडेनं दिसायचं. माणसं त्याला आता चेहऱ्याऐवजी कडेला दिसणाऱ्या कानांवरून ओळखू यायची. कुणाचा चेहरा बघायचा तर मान वाकडी करून, दाणे शोधणाऱ्या कोंबडीसारखं, बाजूनं बघावं लागे. घरात त्यानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर 'आदी केलेरा' गेली असती. ही त्याची होडी, तीस फुटी, एका डोलकाठीची, एकेक फळी त्याच्या हातची. जावई दोनदा सहज म्हणून विचारून गेला होता, "बाबा, ह्या वयात होडी कशाला?" तिसऱ्यांदा तो सहज विचारणार नव्हता. आणि होडी गेली की रुसियाते म्हणजे कोण, तर चौथी नापास, साखरेचा आजारी.

दर जुलैत तीन मित्र पाच दिवस 'आदी केलेरा' घेऊन बेटं फिरायला जात. कारण काही नव्हतं. मासे मारायचे, गावोगावी मुळं कुटून केलेली गुंगीची यंगोना प्यायची, आणि बायकांना पाच दिवस शांतता द्यायची. तिघांतला एक मुनसामी, इंजिनं दुरुस्त करणारा, बारीक चणीचा, काळजीखोर. होडीचं जुनं डिझेल इंजिन आणि तिघांचा स्वयंपाक अशी दोन खाती त्याच्याकडे, आणि दोन्हीकडे तो सारखाच संशयानं बघे. दुसरा सेकोवे. मासळीच्या कारखान्यात मुकादम होता, आता निवृत्त. अंगानं नीरफणसाच्या झाडासारखा, आवाज त्याहून मोठा. आणि तो रुसियातेचा तौवू.

म्हणजे दोघांची बेटं वेगळी, पण फार मागे पूर्वजांचा देव एक. एवढ्यावरून एका बेटाच्या माणसानं दुसऱ्या बेटाच्या माणसाला काहीही बोलावं, त्याचं काहीही उचलून न्यावं, आणि त्यानं हसावं. रागावणं म्हणजे सगळ्या गावाची लाज. सेकोवेनं हा हक्क चाळीस वर्षं पगारी नोकरीसारखा बजावला. रुसियातेची आई वारली तेव्हा तो भर शोकात आला, मयताच्या घरातली सगळ्यात चांगली चटई गुंडाळून काखेत मारली आणि दारात उभं राहून ओरडला, "म्हातारीनं जन्मभर विणली आणि एवढीच? माझ्या तर पाठीलाही पुरायची नाही!" त्या दिवशी रुसियाते पहिल्यांदा हसला आणि हसता हसता पहिल्यांदा रडला. तेव्हापासून त्याला वाटत आलं, की जगात आपलं दुःख कळणारा माणूस एकच, आणि तो हा गाढव.

म्हणून सांगायचं ते सेकोवेलाच, असं त्यानं ठरवलं होतं. ह्या फेरीत, पहिल्याच दिवशी. बंदर मागे पडलं, शीड भरलं, मुनसामी खाली कांदा चिरत होता. उघड्या समुद्रावर रुसियातेला डोळे लागतच नव्हते. वारा कानामागून यायचा, लाट तळव्याखालून सांगायची, सुकाणू हातात होतं.

"तौवू," तो म्हणाला, "मला दिसत नाही."

"तुमच्या बेटावर कुणालाच दिसत नाही," सेकोवे गळ बांधता बांधता म्हणाला. "दिसत असतं तर तुझ्या पूर्वजांनी एवढी सगळी बेटं सोडून तेच निवडलं असतं होय?"

आणि रुसियाते हसला. चाळीस वर्षांची सवय. तौवू बोलला की हसायचं. हसून झाल्यावर पुन्हा तेच वाक्य बोलायला तोंड उघडलं, तर ते वाक्यच विनोदी होऊन बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा हात घातला. "सुवाला गेलो होतो ना मार्चमध्ये, डॉक्टरकडे..."

"डॉक्टर काय म्हणाला? माणसांच्या दवाखान्यात कसा आलास म्हणाला?"

"अरे ऐक तरी."

"ऐकतोय की. तू मान वाकडी करून बोललास की मला वाटतं आता अंडं घालणार." आणि सेकोवेनं कोंबडीची अशी हुबेहूब नक्कल केली की मुनसामीच्या हातातली रोटी तव्याऐवजी पाण्यात गेली.

मुनसामी मात्र हसता हसता मध्येच थांबला. सकाळी कॅप्टन रुसियातेनं चहा कपाच्या बाहेर ओतलेला त्यानं बघितला होता. "बॉसो," तो हळूच म्हणाला, "तुमची साखर शेवटची कधी तपासली?"

"तू तुझं इंजिन तपास," रुसियाते म्हणाला. मुनसामीला सांगणं म्हणजे त्याच्या बायकोला सांगणं, आणि त्याच्या बायकोला सांगणं म्हणजे संध्याकाळपर्यंत माकेरेताला.

तिसऱ्या दिवशी नासिंगा बेटावर मुक्काम होता. दार बेटाच्या पूर्वेला, आत शिरताना तोंड पश्चिमेकडे. म्हणजे सकाळी शिरायचं, फार तर दुपारी बारापर्यंत. पण वाटेत सेकोवेच्या गळाला एक मोठा मासा लागला आणि माशानं त्याला, की त्यानं माशाला, दोन तास खेळवलं. शेवटी मासा दोरीसकट गेला. दारासमोर पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. सूर्य बेटाच्या डोंगराकडे कलून थेट तोंडावर येत होता. ओहोटी संपून भरती नुकती लागली होती, आणि मागून वारा चढत होता. रात्र बाहेर काढणं बरं नव्हतं.

"सूर्य समोर आहे, बॉसो," मुनसामी म्हणाला. "तुमचाच नियम."

"माहीत आहे."

रुसियातेला सूर्य समोर काय आणि पाठीशी काय, सारखंच झालं होतं. सगळं पाणी एकच दुधाळ पांढरं. हे दार त्याला पाठ होतं, ह्यावर त्याची भिस्त होती: डाव्या हाताला लाटा फुटल्याचा आवाज ठेवायचा, आवाज खांद्याच्या मागे गेला की जरा उजवीकडे. पण दोन वर्षांपूर्वीच्या वादळानं ह्या दारात मोठाले दगड लोटलेत असं त्यानं ऐकलं होतं. ते कुठे, हे कुणी नीट सांगितलं नव्हतं. आणि विचारायची त्याला कधी गरज पडली नव्हती. त्याला दिसायचं ना.

मुनसामीनं इंजिन मंद लावलं आणि सवयीप्रमाणे चहाचं आधण चढवलं.

"सेकोवे, पुढे जा. नाळेवर बस."

"मी पुढे बसलो तर होडी नाकावर उभी राहील."

"बस म्हणतो ना. आज तुझी परीक्षा. इतकी वर्षं फुकट फिरतोयस माझ्या होडीतून, बघू काही शिकलास का. पाणी काय रंगाचं ते सांगत राहा."

खरं तर आता सरळ सांगता आलं असतं. पण दोनदा सरळ सांगून त्याचं काय झालं ते त्यानं बघितलं होतं. तौवूकडून काम करून घ्यायचं तर चिडवूनच, हा त्याचा जन्माचा अनुभव. म्हणून त्यानं गरजेला टोमण्याचं सोंग दिलं. आणि हे सोंग इतकं बेमालूम झालं, की सेकोवे खूश झाला.

"पाणी ओलं आहे!" तो पुढून ओरडला.

"रंग, रंग!"

"निळं!"

निळं होतं. लाटांचा आवाज डावीकडे, बरोबर जागेवर. रुसियातेनं सुकाणू धरून ठेवलं.

"आता?"

"हिरवं. तुझ्या आजोबांच्या दातांसारखं!"

तेही खरं होतं. रुसियातेचे खांदे सैल झाले. आवाज खांद्याच्या मागे गेला.

"आणि समोर?"

समोर, दोन बाजा मावतील एवढा, तपकिरी चट्टा होता. सेकोवेला तो लख्ख दिसला. एवढ्या जवळून सूर्य समोर असला तरी कुणालाही दिसला असता. कॅप्टनला तर कधीच दिसला असणार, उगाच परीक्षा घेतोय, असं त्याला वाटलं. तौवूनं प्रश्न विचारला तर तौवूनं खरं उत्तर द्यायचं? त्याच्या अख्ख्या बेटाला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

"निळं!" सेकोवे ओरडला. "गर्द निळं! तळच नाही!"

आणि रुसियाते शेवटच्या क्षणी सुकाणू फिरवून कशा शिव्या देतो ते बघायला तो हसत मागे वळला.

रुसियातेनं सुकाणू फिरवलं नाही. त्याला निळं सांगितलं होतं.

आवाज झाला तो लाकडाचा नव्हता, दाढ उपटल्यासारखा होता. होडी थांबली आणि होडीतलं सगळं पुढे गेलं. सेकोवे नाळेवरून दोरांत कोसळला. खालून मुनसामी किंचाळला. आधणाचं भांडं त्याच्या पायावर आलं होतं.

"वेडा आहेस का तू?" सेकोवे धडपडत उठला. तो अजून अर्धवट हसतच होता; चेहऱ्याला बातमी पोचली नव्हती. "सरळ दगडावर घातलीस?"

"तू निळं म्हणालास."

"मी निळंच म्हणणार! मी तौवू आहे! तुला समोर दिसत नव्हतं?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही दिसत. तुझं तोंडही नाही दिसत आत्ता. सांगितलं होतं मी तुला. पहिल्या दिवशी."

सेकोवेनं पुन्हा हसायची तयारी केली. तेव्हा मुनसामी एका पायावर वर आला, ओठ पांढरे, दुसऱ्या पायाची कातडी ओल्या कागदासारखी सुटलेली. त्यानं आधी कॅप्टनकडे बघितलं आणि मग सेकोवेकडे.

"सेकोवे, बॉसो थट्टा नाही करत आहेत," तो म्हणाला. "बघ ना त्यांच्याकडे."

सेकोवेनं बघितलं. रुसियाते मान वाकडी करून, त्याच्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत होता.

"तू हसला होतास सांगताना," सेकोवे म्हणाला. आवाज एकदम लहान झाला होता.

"तू आधी बोललास. मग मी हसलो."

खाली पाणी येत होतं.

तळाची एक फळी फुटली होती. सेकोवेनं स्वतःचा सदरा, मग मुनसामीचा, मग निजायची गोधडी त्या फटीत कोंबली आणि पाय देऊन बसला. मुनसामी भाजलेला पाय पाण्याच्या बादलीत ठेवून पंप मारत राहिला. भरती चढत होती हे एकच बरं होतं. रुसियाते सांगत गेला तसा सेकोवेनं लहान डोंगीतून नांगर मागे खोल पाण्यात नेऊन टाकला, आणि तिघांनी दोर ताणून धरला. ह्या कामात रुसियातेच्या हातांना डोळे होते; गाठी त्यानंच मारल्या. दर लाटेला होडी थोडी उचलली जाई आणि पुन्हा दगडावर बसे, आणि दर वेळी रुसियातेच्या तोंडून एक आवाज निघे, स्वतःची बरगडी दाबल्यासारखा. तासाभरानं ती सुटली.

पण आत तर जायचंच होतं. मुनसामीच्या पायासाठी गावातली नर्स हवी होती, फुटक्या फळीसाठी होडी ओढून घ्यायला वाळू.

"तू धर सुकाणू," रुसियाते म्हणाला.

"मला दारातून नाही जमणार. तूच धर." सेकोवे पुढे जाऊन बसला. आणि मग त्यानं सांगायला सुरुवात केली. "डावीकडे तपकिरी, दोन होड्यांच्या अंतरावर. समोर हिरवं. फिकट हिरवं. उजवीकडे घे. अजून. आता निळं आहे." थोडं थांबून तो म्हणाला, "खरंच निळं आहे."

त्या आवाजात मीठमसाला काही नव्हता. चाळीस वर्षांत रुसियातेनं तो आवाज कधी ऐकला नव्हता. कारखान्यात साहेबाशी बोलताना सेकोवे तो वापरत असावा. होडी दारातून सुरेख आत आली. एवढ्या अवघड जागेतून रुसियातेनं डोळे असतानाही क्वचितच इतकी नेटकी आणली असेल.

नर्सनं मुनसामीचा पाय बांधला आणि आठवडाभर जमिनीला लावायचा नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळी दोघे यंगोनाची मुळं घेऊन गावच्या प्रमुखाकडे गेले. रीतीचं बोलणं सेकोवेनं केलं. मुळं कुटली गेली, वाडगा फिरला, आणि मग एका म्हाताऱ्यानं, ज्याची सगळे वाट बघत होते तो विषय काढला.

"काय हो, रुसियातेची होडी दगडावर? आणि बरोबर त्याचा तौवू?"

सगळी चटई पुढे सरकली. पाणी वाचणारा कॅप्टन भर दिवसा दगडावर चढला, आणि साक्षीला खुद्द तौवू. हे पक्वान्न सेकोवेला जन्मभर पुरलं असतं, नातवंडांनाही उरलं असतं. रुसियातेनंही आतून स्वतःला सावरून धरलं. ये, म्हणाला मनात. सोड एकदाचं. आजोबांपासून सुरू कर.

"सूर्य समोर होता," सेकोवे म्हणाला. "कुणाचंही झालं असतं. चूक माझीच होती."

म्हातारा वाट बघत राहिला. कुणीतरी खाकरलं, वाडगा पुन्हा फिरला. रुसियातेला वाटलं, दगडावर आपटलो तेव्हा इतकं लागलं नव्हतं.

फळीला कापड, डांबर आणि पत्रा ठोकण्यात दीड दिवस गेला. हत्यारं सेकोवेनं रुसियातेच्या हातात एकेक करून ठेवली, दांडा त्याच्याकडे करून. पाचव्या दिवशी दुपारी, सूर्य पाठीशी आल्यावर, ते दारातून बाहेर मोकळ्या समुद्रावर निघाले. सेकोवे न विचारता सुकाणूजवळ बसला. रुसियातेला त्यानं शिडाच्या सावलीत बसवलं.

"पाय जपून. तिथे दोर आहे."

"माझीच होडी आहे."

"हो. तरी."

बऱ्याच वेळानं रुसियातेनं प्रयत्न करून पाहिला. "तुमच्या बेटावर," तो म्हणाला, "सुकाणू धरायला बायका शिकवतात म्हणे. आणि त्यांना डुकरं शिकवतात."

सेकोवेनं सुकाणू जरासं सरळ केलं. वारा शिडात फडफडला. मग तो म्हणाला, "ऊन लागतंय का तुला? इकडे सरकतोस?"

मुनसामी पाय वर करून पडला होता. त्यानं तोंड दुसरीकडे फिरवलं.

रुसियातेनं कपाळ गुडघ्यांवर टेकलं. मार्चपासून त्याला होडी जाईल ह्याची भीती वाटत होती. दुसरंही काही जाऊ शकतं, हे त्याच्या हिशेबातच नव्हतं.

लेवुकाचं दार सगळ्यात सोपं, झोपेत जमावं असं. सेकोवेनं ते सावकाश पार केलं. धक्क्यावर माकेरेता उभी होती. तिच्या पिवळ्या झग्याची कड रुसियातेला कडेनं दिसली. मुनसामीची बायको बांधलेला पाय बघून रडत खाली आली आणि नवऱ्याला धरून, रागे भरत भरत, वर घेऊन गेली.

सेकोवेनं दोर बांधला आणि घसा साफ केला. "वहिनी," तो साहेबाशी बोलायच्या आवाजात म्हणाला, "एक सांगायचं आहे..."

"थांब," रुसियाते म्हणाला. तो स्वतः उठला, कुणाचा हात न धरता धक्क्याची पायरी पायानं शोधून वर चढला आणि बायकोसमोर उभा राहिला. "माकेरेता, मला दिसत नाही. मार्चमध्येच डॉक्टरनं सांगितलंय. होडी मी दगडावर घातली. मुनसामीचा पाय माझ्यामुळे भाजला."

माकेरेता हसायला लागली. पाच दिवस हे दोघे एकत्र होते. परतताना काहीतरी नाटक बसवून आणणार हे तिला दर वर्षी ठाऊक असे. गेल्या वर्षी सेकोवे मेला म्हणून घोंगडीत गुंडाळून आणला होता. "आणि तू रे," ती हसत हसत सेकोवेकडे वळली, "तुला ह्यात काय काम दिलंय? तू बहिरा का?"

सेकोवेनं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

रुसियातेला ते दिसलं नाही. बायकोचा चेहराही त्याला दिसला नाही, तो डागात होता. पण तिचं हसणं नेमकं कुठे थांबलं, ते त्याला ऐकू आलं.